गोव्याच्या दालनात काय ठेवणार?

प्रति,
बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय, भारत सरकार
तसेच
वस्तुसंग्रहालय संचालनालय, गोवा राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

गुजरातमध्ये लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतं आहे. त्यात किनारपट्टीवरच्या राज्यांना आपापली दालनं मिळणार आहेत, म्हणजे एक गोव्याचंही असेल. त्या दालनात आपण काय ठेवणार आहोत, एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे. उत्तर आलं तर बरंच. नाही आलं तरी प्रश्न चारचौघांत विचारलेला असावा, म्हणून खुलं पत्र.

आधी मी कोण ते सांगते. डिचोली तालुक्यातलं नार्वे हे माझं गाव. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करवला ते सप्तकोटेश्वराचं देऊळ आमच्याकडचं. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेट, मध्ये फेरीबोट. आजोबा होड्या बांधणारे मेस्त होते. वडील खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि खरं सांगायचं तर मला पोहतासुद्धा येत नाही. पण नदी घरात होती. चुलीपाशी डाळीची फोडणी आणि ओसरीवर होड्यांना लावायच्या उंडीच्या तेलाचा वास, असं ते घर होतं.

लोथलला माझा विरोध नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या पुढच्या टप्प्यांना मंजुरी दिली, तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. १४ दालनं, ७७ मीटर उंचीचं दीपगृह-संग्रहालय. खुद्द लोथलची ती हडप्पाकालीन विटांची गोदी सुमारे २१८ मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद आहे. ती गोदी नव्हे, पाण्याचं तळं असावं, असंही काही विद्वान म्हणतात. तो वाद त्यांचा त्यांनी करावा. मला भावते ती वेगळी गोष्ट. १९५४ मध्ये लोथल शोधून काढणारे एस. आर. राव पुढे आमच्या दोनापावलला आले आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी सागरी पुरातत्त्वाचं काम उभं केलं. द्वारकेच्या समुद्रात बुड्या मारणारं पथक गोव्यातून जात असे. म्हणजे लोथल आणि गोवा यांचं नातं आज सरकारी फायलीत जुळलेलं नाही, ते जुनं आहे.

त्याच संस्थेच्या लोकांनी गोव्याच्या समुद्रातही शोध घेतला आहे. मुरगाव बंदराच्या तोंडाशी सुंची नावाचा खडक आहे. तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले: हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, लोखंडी तोफ. आफ्रिकेतला दात आणि चीनमधली बशी एकाच जहाजात! ‘हिंदी महासागरातला व्यापार’ हा धडा मी तीस वर्षं शिकवला, पण त्याला हात लावून दाखवता येईल अशी वस्तू मुलांसमोर कधी ठेवता आली नाही. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या जहाजात तर कौलं सापडली, भाजलेल्या मातीचे खांबांचे तुकडे सापडले आणि त्यांवर शिक्का ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’. मंगळूरचा माल. हे वाचलं त्या दिवशी मी शिडी लावून आमच्या गोठ्याच्या छपरावर चढले. कौल उलटं करून पाहिलं तर मंगळूरचाच शिक्का, कारखाना दुसरा. गोव्यातली अर्धी घरं समुद्रावरून आलेल्या छपराखाली झोपत होती आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. दालनात ठेवायला ही चांगली वस्तू आहे. एक कौल. काच नको, दिवे नकोत, उलटं करून बघायची मुभा हवी.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे संग्रहालय म्हटलं की आधी जागा, मग आराखडा, मग भूमिपूजन, मग घुमट. आत ठेवायच्या वस्तूंचा विचार उद्घाटनाची तारीख ठरल्यावर. मग घाईघाईने फायबरचे नमुने करून घ्यायचे, एक पडदा लावायचा, त्यावर लाटा हलताना दाखवायच्या. गोव्याचं दालन असंच होईल ही माझी भीती आहे. एक रंगीत होडी, एक वास्को द गामा, एक कोळीण. संपलं.

इंग्लंडमधल्या ग्रिनिचचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय घ्या, सगळे त्याचंच उदाहरण देतात. १९१० मध्ये तिथल्या हौशी आणि जाणत्या लोकांनी नौकाविद्येच्या संशोधनासाठी संस्था काढली. नकाशे, चित्रं, जहाजांचे नमुने, कागद यांच्यामागे ती माणसं लागली. सर जेम्स केर्ड नावाच्या जहाजमालकाने पदरचे पैसे घालून मोठमोठे संग्रह विकत घेतले. संसदेचा कायदा झाला १९३४ मध्ये आणि दरवाजे उघडले १९३७ मध्ये. पहिल्या पावलापासून सत्तावीस वर्षं. वस्तू आधी आल्या, छप्पर नंतर आलं, आणि तेही जुन्याच इमारतींचं.

त्यांच्याही हातून चुका झाल्या, हे सांगायला हवं, नाहीतर साहेबाचं कौतुक केल्यासारखं होईल. ‘इम्प्लेकेबल’ नावाचं एक जुनं लाकडी जहाज त्यांच्याकडे होतं. मुळात फ्रेंचांचं, ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेलं, नंतर इंग्रजांनी पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या डागडुजीला पैसे नाहीत म्हणून २ डिसेंबर १९४९ रोजी ते समुद्रात नेऊन बुडवलं, दोन्ही देशांचे झेंडे फडकावून. आज ग्रिनिचला त्याचा कोरीव मागचा भाग आणि नाळेवरची मूर्ती तेवढी भिंतीवर आहे. पण त्या एका जहाजाची हळहळ त्यांना इतकी लागली की पुढे जुनी जहाजं वाचवण्याची चळवळच उभी राहिली.

आपल्याला हळहळ लागते का? जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी याच समुद्रात होती. निवृत्त झाल्यावर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१४ मध्ये भंगारात गेली. तशीच विमानवाहू ‘विराट’ २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिला संग्रहालय म्हणून सिंधुदुर्गात निवतीला आणायचं, असं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवलंही होतं. २०२० मध्ये तिला तोडायला अलंगला नेलं. तिच्यावरची सी हॅरियर विमानं आमच्या दाबोळीची. त्यातलं विमान बघायला मी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात शाळेच्या सहली नेल्या आहेत. ते १९९८ पासून चालू आहे आणि मुलांना प्रचंड आवडतं. विमानं राहिली, ज्या जहाजावरून ती उडत होती ते गेलं. ‘बाई, ही मग उतरायची कुठे?’ असं एका पोराने विचारलं होतं.

एक जहाज मात्र गोव्याने बारा वर्षं सांभाळलं. जून २००० मध्ये कांदोळीच्या वाळूत रुतलेलं ‘रिव्हर प्रिन्सेस’. ते २०१२ मध्ये एकदाचं तोडून हलवलं. नको असलेली वस्तू इतकी वर्षं जपायची चिकाटी आपल्यात आहे, तर हवी असलेली का जमू नये?

पोर्तुगालचं एक जहाज आहे, त्याची गोष्ट मला फार लागते. ‘दों फेर्नांदू सेगुंदू ई ग्लोरिया’. ५० तोफांचं शिडाचं लढाऊ जहाज, बांधलं दमणला, १८४३ मध्ये, नगर हवेलीच्या सागवानाचं. पहिली सफर २ फेब्रुवारी १८४५ रोजी गोव्याहून लिस्बनला. आपल्या लाकडाचं, आपल्या सुतारांच्या हातचं. १९६३ मध्ये ते लिस्बनच्या नदीत जळालं. सांगाडा जवळजवळ तीस वर्षं चिखलात पडून होता. १९९२ मध्ये त्यांनी तो उचलला, पुन्हा बांधून काढला आणि १९९८ च्या जागतिक प्रदर्शनात लोकांना दाखवला. आज ते लिस्बनसमोरच्या काठावर उभं आहे, तिकीट काढून आत जाता येतं. तिथलं नौदल संग्रहालय १८६३ पासूनचं आहे, त्यांच्या ताब्यात ते आहे. आपण बांधलं, त्यांनी जपलं, हे म्हणताना मला पोर्तुगिजांचा पुळका येत नाही. माझ्या वडिलांनी त्यांचा काळ बघितला होता. मला लाज वाटते ती आपली.

लाज का, ते घरचं उदाहरण देऊन सांगते. आजोबा गेल्यावर त्यांची हत्यारपेटी घरात होती. फणसाच्या लाकडाची, वर कोयंडा. आत लाकूड तासायचे वाकस, करवती, पटाशा, भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून बसवायची बोथट पात्याची लोखंडं, चार आकारांची. वडिलांना वाटलं, घरात गंजून जातील. एका संस्थेने ‘आम्ही जतन करू’ म्हटलं, म्हणून आम्ही दिली. नाव घेत नाही, तिथली आजची माणसं वेगळी आहेत. छापील पावतीवर ‘सुतारकामाची अवजारे, १ पेटी’ असं लिहिलं होतं. काही वर्षांनी मी वर्ग घेऊन गेले तर पेटी मांडलेली होती, कापूस ठोकायच्या लोखंडापुढे चिठ्ठी होती ‘छिन्नी’, आणि सामता कुठेच नव्हता. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आणखी सहा-सात वर्षांनी गेले तेव्हा पेटीच नव्हती. ‘वरच्या खोलीत असेल, पावसाचं पाणी आलं होतं,’ असं एकाने सांगितलं. नोंदवहीत त्या वस्तूंना क्रमांकच पडलेला नव्हता, म्हणून त्या हरवल्या असंही म्हणता येईना. ज्याची नोंद नाही ते हरवत नाही!

म्हणून माझी पहिली मागणी नोंदवहीची आहे. दालनाचा आराखडा राहू दे. तेरेखोलपासून गालजीबागेपर्यंत नदीकाठच्या, किनाऱ्यावरच्या गावांत आधी माणसं पाठवा. पागी, खारवी, गाबीत, रांपणकार (रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), मेस्त, बार्जवाले, तारवटी यांच्या घरी काय उरलंय ते बघा, फोटो काढा, क्रमांक द्या आणि वस्तू त्यांच्याचकडे ठेवा. नेऊ नका. तिचं नाव काय, ती कशाला वापरतात, कोणी केली, एवढं विचारा. नाव त्यांनी सांगितलेलं लिहा, शब्दकोशात बघून नको.

कारण शब्दही वस्तूच आहेत. होडीच्या तळाच्या मुख्य लाकडाला पठाण म्हणतात, बरगड्यांना वांक, पुढच्या टोकाला नाळ. शीड ज्या आडव्या लाकडाला बांधतात ते परमाण. होडी कलंडू नये म्हणून बाजूला तरंगत ठेवतात ती उलांडी. पहाटे जमिनीकडून सुटतो तो मतलई वारा. मोठ्या भरतीचं उधाण, मंद भरतीची भांग. हे शब्द मी पुस्तकातून शिकले नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना ते पुस्तकातूनसुद्धा शिकवू शकले नाही, कारण अर्थ सांगून दाखवायचं काय? माझ्या नातीला ‘उलांडी’ म्हणजे उडी वाटली.

दिवाडीवर आज होड्या बांधतात, हे माझं सुदैव. म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या शिडाच्या नौका तिथल्याच. तारिणीवरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, तेव्हा आमच्या फेरीबोटीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि आता ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेलं, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये पठाण बसवली, फेब्रुवारी २०२५ मध्ये पाण्यात उतरवलं, त्याच वर्षी मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. सांस्कृतिक मंत्रालयाचे पैसे, नौदलाची देखरेख, गोव्याचं यार्ड. छान झालं. फक्त एक गोष्ट बोचते. शिवणारे कारागीर केरळहून आणावे लागले, बाबू शंकरन यांच्या हाताखालचे. त्यांना दंडवत. पण गोव्यात रांपणीच्या होड्या सुंभाने शिवल्या जात होत्या, त्या मी स्वतः लहानपणी पाहिल्या आहेत. फळीला भोकं पाडायची, काथ्या ओवायचा, पाय लावून ताणायचा. तो हात आमच्याकडे होता. कधी गेला, ते आम्हालाच कळलं नाही. कोणी नोंदवलंच नव्हतं.

दुसरी मागणी म्हणून मांडते. लोथलला गोव्याचं दालन असू द्या, पण त्याचं मूळ गोव्यात, नदीकाठी असू द्या. नवी इमारत नको. मांडवीवर किंवा कुंभारजुव्याच्या काठाला बार्जदुरुस्तीची यार्डं ओस पडली आहेत, त्यातलं एक घ्या. होडी पाण्यात सोडायची घसरती आहे, भरतीचं पाणी आत येतं, छप्पर आहे. पहिली नेमणूक सल्लागाराची करू नका, मेस्ताची करा. वर्षाला एक होडी बांधायची, लोकांसमोर, चार पोरं हाताखाली घेऊन. ती पाण्यात उतरवायची आणि वापरायला द्यायची. लोथलला पाठवायची तर त्यातली एक पाठवा, म्हणजे तिथल्या दालनात जी होडी असेल ती खरोखर तरंगणारी असेल.

आणि एक बार्ज ठेवा. हे ऐकून लोक हसतात. पण माझ्या वडिलांचं आयुष्य त्यावर गेलं. सारमानसला खनिज भरायचं, मांडवीतून आग्वादला बाहेर पडायचं, मुरगाव गाठायचं. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि लाटा, म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. त्या कालव्यात मगरी. अर्ध्या गोव्याचं पोट या मार्गावर चाललं आणि नद्याही त्यानेच लाल केल्या. दोन्ही सांगावं लागेल. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर कितीतरी बार्जी भंगाराच्या भावाने गेल्या. अजून एखादी शिल्लक असेल तर तिची खलाशांची खोली, चुलीसकट, जशी आहे तशी ठेवा.

कोणाचा इतिहास मांडायचा यावर भांडण होणार, हे मी गृहीत धरते. गोव्यात कशावर होत नाही? एकाला फक्त पोर्तुगीज हवेत, दुसऱ्याला ते अजिबात नकोत. माझं म्हणणं, कागद आणि दगड काय सांगतात ते मांडा. कदंब राजांच्या गोपकपट्टणच्या बंदरात अरब घराण्यातला छड्डम कारभारी होता आणि त्याच्या धर्मादायासाठी येणाऱ्या जहाजांकडून पट्टी घ्यायची व्यवस्था १०५३ च्या ताम्रपटात आहे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या वीरगळांवर होड्यांतून लढणारे सैनिक कोरले आहेत. बघायला पर्यटक थांबत नाहीत, कारण ते काय आहे हे कोणी सांगत नाही. मराठ्यांची गलबतं, गुराबा आणि पोर्तुगिजांशी त्यांची झटापट आणि तह, दोन्ही आहेत. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या बंदरात आपल्या नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी पोर्तुगिजांच्या ‘आफोंसो द आल्बुकेर्क’वर तोफा डागल्या आणि ते जहाज काठाला लागलं, तेही आहे. त्याच लढाईत अंजदीव बेटावर आपले सात नौसैनिक पडले, त्यांची नावं तिथे असलीच पाहिजेत. आणि या सगळ्यांच्या शेजारी रांपणकाराचं जाळं तेवढ्याच उंचीवर टांगलेलं हवं. ते सगळ्यांच्या आधी होतं.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटीत नौका सोडतात, तुम्हाला माहीत असेल. स्पर्धा असते. थर्माकोलच्या, पुठ्ठ्याच्या, दिव्यांनी मढवलेल्या. पोरं महिनाभर रात्री जागून करतात. गेल्या खेपेला मी मोजत बसले. तीन मजली क्रूझ बऱ्याच, युद्धनौका, कॅसिनोची बोट एक. पडाव, म्हणजे आपली जुनी मालवाहू होडी, एकाही पोराने केला नव्हता. करणार कसा? बघितलाच नाही. तुमच्या दालनाला पहिले प्रेक्षक हवे असतील तर ती पोरं तयार आहेत. त्यांना एकदा एक खरी होडी आतून दाखवा आणि पुढच्या पुनवेला काठावर या.

पेटी गेली, पण आजोबांचा एक वाकस तेव्हा घरीच राहिला होता. शेजाऱ्याने उसना नेलेला. त्याने तो नंतर परत आणून दिला. दांडा नवा आहे, पातं जुनंच. तुमची नोंदवही सुरू झाली की माणूस नार्व्याला पाठवा, फेरीवरून उतरल्यावर कोणीही घर दाखवेल. मी वाकस दाखवीन, फोटो काढू देईन, नाव आणि माप सांगेन. क्रमांक पडल्याशिवाय हातात मात्र देणार नाही.

आपली,
नार्वे, डिचोली येथील एक निवृत्त शिक्षिका